डोस-फाइंडिंग ट्रायल: सॅम्पल साईझचा आकडा लिहिण्याआधी

औषधाचा योग्य डोस शोधणाऱ्या ट्रायलमध्ये किती पेशंट घ्यायचे, म्हणजे सॅम्पल साईझ, त्याचा हा हिशेब. अल्फा (नसलेला फरक दिसण्याची चालवून घेतलेली शक्यता) ०.०५, पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) ८० टक्के. हे सगळ्यांना पाठ आहे, पुढे चला.

आधी ट्रायल कुठल्या टप्प्याची ते बघा. पहिल्या टप्प्यात सहन होणारा सर्वांत मोठा डोस शोधायचा असतो, तिथे पॉवरचं सूत्र लागूच होत नाही. थ्री-प्लस-थ्री, म्हणजे तीन-तीन पेशंटांवर बघत डोस वाढवत जायची पद्धत, घेतलीत तर एका डोसला फार तर सहा पेशंट, पाच डोसांना तीस. पण हा आकडा एथिक्स कमिटीपुढे हिशेब म्हणून ठेवू नका. दहापैकी तिघांना गंभीर त्रास देणारा डोससुद्धा या नियमातून जवळपास निम्म्या वेळा पास होतो. करून बघा: पहिल्या तिघांत कुणालाच त्रास नाही, शक्यता ०.३४, एकाला झाला पण पुढच्या तिघांत कुणालाच नाही, ०.१५. बेरीज ०.४९. पेशंटच्या जिवाशी हे चालत नाही. सीआरएम (आलेल्या निकालांवरून पुढचा डोस दर वेळी नव्याने ठरवणारी पद्धत) घ्या, सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर लुटुपुटूच्या ट्रायल, चालवा, आणि किती पेशंटांत बरोबर डोस किती वेळा सापडला त्याचा तक्ता जोडा.

दुसऱ्या टप्प्यात सूत्र येतं. दोन गटांतला अपेक्षित फरक एसडीच्या (मोजमापातला पेशंटागणिक चढउतार, स्टँडर्ड डेव्हिएशन) निम्मा असेल तर गटाला ६४. एसडी कुठून घेतली ते लिहा. परदेशी पेपरमधली उचलली असेल तर थोडी वाढवून पुन्हा गणित करा. चार डोस आणि प्लासिबो (औषध नसलेली गोळी) असतील, प्रत्येक डोस प्लासिबोशी ताडायचा असेल, तर अल्फा चार ठिकाणी वाटला जातो आणि ६४ चे ९१ होतात. पाच गटांचे ४५५. बेळगावात एका सेंटरवर हे जमणार नाही. मग एमसीपी-मॉड बघा, म्हणजे सगळ्या डोसांवरून डोस वाढला की परिणाम कसा बदलतो याचा आलेख बसवणारी पद्धत. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्येच तिला मान्यता दिली आहे. सगळे गट मिळून एकच कल दाखवतात, म्हणून पेशंट कमी लागतात.

आता गळती, म्हणजे ट्रायल मध्येच सोडून जाणारे पेशंट. मागच्या वेळी माझ्या हिशेबात हीच राहिली, म्हणून सांगतो: गळती धरा, आणि ती डोसनिहाय धरा. ६४ ला २० टक्के गळती म्हणजे ७७ नव्हे, ८०. ०.८ ने भागायचं, १.२ ने गुणायचं नाही. सोडून गेलेल्यांनाही विश्लेषणात घेणार असाल आणि त्यांना औषधाचा उपयोग झालाच नाही असं मानणार असाल, तर दोनदा भागा: १००. सगळ्या गटांना सरसकट २० टक्के लावणं हीच चूक. वरच्या डोसाला मळमळ, चक्कर जास्त, तिथले पेशंट आधी सुटतात, आणि कल ठरतो नेमका त्याच टोकाला.

शिवाय आपल्याकडची गळती पुस्तकातल्या टक्क्यांत बसत नाही. ऊसतोड सुरू झाली की माणूस दुसऱ्या व्हिजिटला येत नाही. निपाणीची विडी कामगार बाई दिवसाची मजुरी बुडवून बेळगावला का येईल? खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत जुलैत ओढे भरले की रस्ताच बंद. फॉर्मवरचा मोबाईल पुतण्याचा निघतो, "काका रानात आहेत, आल्यावर सांगतो" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. भरती कुठल्या महिन्यात आणि फॉलो-अप कुठल्या महिन्यात पडतो ते कॅलेंडर घेऊन बघा. प्रवासखर्च बजेटमध्ये घाला. दोन फोन नंबर घ्या, त्यातला एक घरातल्या बाईचा. आणि गळती डोसनिहाय.

बाकीचं थोडक्यात. अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक. सॉफ्टवेअर, त्याची आवृत्ती, सिम्युलेशनचा सीड (तेच निकाल पुन्हा काढता यावेत म्हणून दिलेला सुरुवातीचा आकडा) लिहून ठेवा. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत. सीटीआरआयवर (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंद पहिला पेशंट घेण्याआधी, नंतर नाही. प्रपोजल पाठवण्याआधी फाईल उघडा आणि प्रत्येक डोससमोर गळतीचा वेगळा आकडा आहे का बघा. नसेल तर पाठवू नका.