मेल उतरताना टाइमआउट? आधी कुठे अडतंय ते बघा

टाइमआउट आला, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराची वाट बघून मेल प्रोग्रामने हात टेकले, की जो तो एकच सांगतो: वेळमर्यादा वाढवा. आउटलुकमध्ये ती एका मिनिटावरून दहा मिनिटांपर्यंत नेता येते. नेऊन काय होतं? तोच एरर नऊ मिनिटं उशिरा येतो.

मेल प्रोग्रामचा लॉग, म्हणजे त्याने काय काय केलं त्याची नोंद, चालू करा आणि शेवटची ओळ वाचा. जोडणीच होत नसेल तर खात्याच्या सेटिंगमधला पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) तपासा: एसएसएलसह, म्हणजे जोडणी सांकेतिक असताना, पॉपला ९९५, आयमॅपला ९९३ (पॉप आणि आयमॅप या मेल उतरवण्याच्या दोन पद्धती). ९९५ वर एसएसएल बंद राहिलं तर सर्व्हर हँडशेकची (सांकेतिक जोडणीच्या पहिल्या सलामीची) वाट बघतो, तुमचा प्रोग्राम सर्व्हरच्या ‘ओके’ची, आणि दोघेही मूग गिळून बसतात. पोर्ट बरोबर असेल तर फोनच्या हॉटस्पॉटवरून करून बघा. तिथे चाललं तर अडथळा तुमच्या नेटवर्कमध्येच आहे.

खरा छळ पुढे आहे. लॉगिन होतं, मेल उतरू लागतात आणि मध्येच सगळं गप्प. यात माझे दोन रविवार गेले. लॉगमध्ये दर वेळी सतराव्या मेलवरच गाडी थांबायची. त्या मेलला १८ एमबीची फाइल होती. मेलमधून जाताना अशी फाइल साधारण एक-तृतीयांशाने फुगते, म्हणजे २४ एमबी, आणि ती पूर्ण उतरण्याआधीच वेळमर्यादा संपायची. पॉपमध्ये उतरलेल्या मेलवर नुसती ‘काढून टाका’ अशी खूण होते; प्रत्यक्षात ते पुसले जातात शेवटी प्रोग्रामकडून ‘क्विट’ (काम संपलं) हा आदेश गेल्यावर. जोडणी त्याआधी तुटली की सर्व्हरवर सगळे मेल जसेच्या तसे, आणि माझा प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून सुरू. पहिले सोळा मेल माझ्याकडे चार-चार प्रती होऊन पडले होते.

त्यात मी शहाणपणा केला: नवे मेल आलेत का ही आपोआप तपासणी दर ५ मिनिटांनी लावली. कृपा करून असं करू नका. पॉप सर्व्हर चालू सत्रात मेलबॉक्सला कुलूप लावतो, आणि जोडणी अर्धवट तुटली तर ते सत्र मेल्याचं त्याला लगेच कळत नाही. नियमाप्रमाणे निदान दहा मिनिटं तो वाट बघतो. तोवर तुमची पुढची तपासणी बंद दारावर आपटते.

म्हणून आधी आपोआप तपासणी बंद करा, फोनवरचीही. ब्राउझरमधून खातं उघडून तो जाडा मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. बहुतेक ठिकाणी पॉपला फक्त इनबॉक्स दिसतो. पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग हाताने एकदा उतरवा. सुरळीत झालं की आपोआप तपासणीचं अंतर १५ मिनिटांचं ठेवा.

मोठा मेल नसतानाही अडत असेल तर अँटिव्हायरसमधली मेल-तपासणी तेवढी बंद करून बघा. ती अख्खा मेल स्वतःकडे ओढून घेते, आणि तोवर प्रोग्रामला एक अक्षरही मिळत नाही.