घोड्याजवळ जाताना पायात काय घालावं, आणि पाय कुठे ठेवावा

पुण्याबाहेरच्या एका तबेल्यात मी घोडेस्वारी शिकायला लागलो, तेव्हाची गोष्ट. सकाळी घोडीला खरारा करत होतो, म्हणजे ब्रशने तिचं अंग साफ करत होतो. पायात कॅनव्हासचे बूट होते. पोटावर माशी बसली म्हणून घोडीने अंग थरथरवलं, एक पाय उचलला आणि सहज बाजूला टेकवला. तो पडला माझ्या उजव्या पावलावर. ती रागावली नव्हती, बुजलीही नव्हती. आपण उभं राहून कंटाळल्यावर भार दुसऱ्या पायावर घेतो, तितकंच तिने केलं होतं. मी घाबरून पाय ओढायला लागलो, आणि मी जितका ओढायचो तितकी ती जागच्या जागी घट्ट उभी राहायची. शेजारचे म्हातारे मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) धावत आले, तिच्या खांद्याला आपला खांदा लावून रेटा दिला आणि ओरडले, "पाय नको ओढू, घोडीला ढकल!" तिने भार पलीकडे घेतला आणि पाय सुटला. अंगठ्याचं नख काळं पडलं आणि पुढे गळून गेलं. हाड वाचलं.

तेव्हापासून तबेल्यात नवीन कुणी आलं की मी आधी त्याच्या पायांकडे बघतो. लोक लाथेला घाबरतात, आणि घाबरायलाच हवं. पण रोजच्या कामात सगळ्यात जास्त वेळा घडतं ते हेच: शांत घोडा, चुकीचं पादत्राण आणि चुकीच्या जागी ठेवलेला पाय.

आधी काम ठरवा, मग बूट

घोड्याभोवतीची कामं दोन प्रकारची. एक जमिनीवर उभं राहून करायचं: खरारा, खूर साफ करणं, पाणी, वैरण, घोडा चालवत नेणं. दुसरं खोगिरावर बसून करायचं. जमिनीवर पाय वाचला पाहिजे, आणि रिकिबीतून, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीतून, पाय सुटला पाहिजे. दोन्हींसाठी बूट वेगळा लागतो. हे कळलं नाही तर भारीतला महागडा बूट घेऊनही फसगत होते.

जमिनीवरच्या कामासाठी

चप्पल, सँडल, क्रॉक्स, कापडी बूट, मऊ स्पोर्ट्स शूज यांतलं काहीही चालणार नाही. पुढून बंद, घोट्याच्या वरपर्यंत येणारा, जाड चामड्याचा, कडक तळाचा बूट ही किमान गरज आहे.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे पुढे पोलादी किंवा कंपोझिट टोपी असलेला सेफ्टी शू. याबद्दल तबेल्यांतून एक समज फार पसरलेला आहे, की घोड्याने पाय दिला की पोलाद आत वाकतं आणि बोटं कापली जातात, त्यापेक्षा साधा बूट बरा. या समजापायी अनेक जण चांगला बूट घालायचं टाळतात, म्हणून हिशेबच मांडतो.

मारवाडी किंवा काठियावाडी घोडा साधारण 350 ते 400 किलोचा असतो, रेसचा थरोब्रेड 450 ते 500 किलोचा. उभ्या घोड्याचा साधारण 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. म्हणजे 400 किलोच्या घोड्याच्या पुढच्या एका पायावर 120 किलोच्या आसपास. एक पाय उचलला, तर उरलेल्या पायावर त्याहून बराच जास्त. आता बुटाकडे या. आपल्याकडचं भारतीय मानक आयएस 15298 भाग 2 आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ 20345 यांनुसार सेफ्टी शूच्या टोपीला 200 जूलचा आघात सोसावा लागतो, म्हणजे साधारण 20 किलोचं वजन 1 मीटरवरून पडावं इतका. शिवाय 15 किलोन्यूटनचा दाब पेलावा लागतो. तो भरतो साधारण 1500 किलोच्या वजनाइतका. उभ्या किंवा चालत्या घोड्याच्या एका पायाचा भार याच्या खूप आत राहतो.

भीतीत थोडं तथ्य आहे, ते असं. टोपी फक्त बोटांवर असते. तिच्या मागचा पायाचा उंचवटा साध्या चामड्याखालीच राहतो, आणि तिथे पाय पडला तर दुखापत होणारच. दुसरं, ज्यावर मानकाची खूण नाही असा बाजारातला कुठलाही 'स्टील टो' या आकड्यांना उतरेल याची खात्री नसते. म्हणून आयएसआयची खूण आणि मानकाचा क्रमांक बघूनच घ्या. आयएस 15298 भाग 3 असं लिहिलेलं असेल तर टोपी 100 जूलची आहे, म्हणजे निम्म्या ताकदीची. भाग 4 च्या बुटाला टोपीची अट नाही.

बुटावर एस 1, एस 3 असा संरक्षणाचा वर्गही छापलेला असतो. एस 3 मध्ये वरचं चामडं पाण्याला दाद देत नाही, तळात खिळा आरपार जाऊ नये म्हणून थर असतो आणि तळाला खोल खाचा असतात. तबेल्याच्या कामाला हा उत्तम. नालबंद येऊन गेल्यावर जमिनीवर नालेचा एखादा खिळा राहतो, आणि लिदीत बुडालेला तो खिळा डोळ्यांना दिसत नाही. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, त्यामुळे अशी जखम क्षुल्लक समजायची नाही. धनुर्वाताची लस घेतलेली ठेवा. घाणेरडी जखम झाली आणि शेवटच्या डोसला 5 वर्षांहून जास्त झाली असतील, तर डॉक्टरांकडे जाऊन बूस्टरचं विचारा.

गमबूट तबेला धुवायला ठीक. पण साध्या रबरी गमबुटात बोटांना काही संरक्षण नसतं, घोडा शेजारी असताना तो पुरत नाही.

खोगिरावर बसायचं असेल तर

इथे वरचा एस 3 बूट काढून ठेवा. खोल खाचांचा तळ रिकिबीत अडकतो, आणि पुढची जाड टोपी सुटताना आडवी येते. घोड्यावरून पडणं वाईटच. पण पडल्यावर पाय रिकिबीत राहिला आणि घोडा उधळला तर माणूस फरफटत जातो, ते कैक पटींनी वाईट. सगळी काळजी त्यासाठी आहे.

बुटाला 2 ते 2.5 सेंटीमीटरची स्पष्ट टाच हवी. टाच नसली तर पाऊल पुढे सरकत रिकिबीच्या आरपार जातं. तळ एकसंध आणि जवळजवळ गुळगुळीत हवा. घोटा झाकलेला हवा. लेस असेल तर टोकं आत खोचा. पोलो खेळणारे आणि स्वार ज्याला जोधपुरी बूट म्हणतात, तो घोट्यापर्यंतचा पट्ट्याचा बूट याच हिशेबाने बनलेला आहे. रिकीब बुटापेक्षा दोन्ही बाजूंनी सुमारे एकेक सेंटीमीटर रुंद असावी. त्याहून अरुंद असली तर पाय अडकतो, फार रुंद असली तर आरपार जातो. रिकिबीत पावलाचा पुढचा रुंद भागच ठेवायचा, टाच खाली.

माथेरानला जाणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. दस्तुरी नाक्याला गाडी सोडली की पुढे बरेच जण घोड्यावर जातात. लाल मातीतून घोडे चालतात आणि त्यांवर बसलेल्या पर्यटकांच्या पायात निम्म्या वेळा स्लिपर असते. लहान मुलांचं तर विचारूच नका. मुलाचा पाय मोठ्या माणसाच्या रिकिबीतून अख्खा आत जातो. कधी रिकिबीपर्यंत पाय पुरत नाही म्हणून वरच्या चामडी पट्ट्यातच पाय खुपसून देतात. ते अजिबात करू देऊ नका. लहान रिकीब मागा. नसेल तर फेरी नको म्हणा, मूल रडलं तरी.

डोक्याबद्दल थोडक्यात. मोटरसायकलचं हेल्मेट (आयएस 4151) वेगळ्या आघातांसाठी बनतं, ते जड असतं आणि कान झाकतं. घोडेस्वारीचं हेल्मेट घ्या, आत एएसटीएम एफ 1163 किंवा पास 015 असं मानक लिहिलेलं. एकदा जोरात आपटलं की वरून शाबूत दिसलं तरी बदला.

जवळ कसं जायचं

"साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. घोड्याच्या बाबतीत तरी ती शब्दशः खरी आहे. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं तेवढं दिसत नाही. म्हणून डाव्या खांद्याच्या दिशेने तिरपं, बोलत बोलत जा. काय बोलता याला महत्त्व नाही, आवाज पोचला पाहिजे. आधी मानेला किंवा खांद्याला हात लावा, तोंडाला नाही. कान मागे चिकटवलेले असतील, शेपटी सपासप हलत असेल, तर थांबा.

मागून पलीकडे जावंच लागलं तर दोनच अंतरं सुरक्षित आहेत. एक म्हणजे पुठ्ठ्यावर (पाठीच्या मागच्या, शेपटीजवळच्या भागावर) हात ठेवून, अंगाला अगदी घासून जाणं. इतक्या जवळ लाथेला जोर मिळत नाही. दुसरं म्हणजे किमान 10 फूट लांबून. मधल्या अंतरावर दुगाणी, म्हणजे मागच्या पायांची लाथ, पूर्ण ताकदीने बसते.

बांधणं, खूर उचलणं, चालवणं

घोडा सुरगाठीने बांधा, निरगाठीने कधीच नाही. बुजलेला घोडा दोर ताणतो तेव्हा एका झटक्यात गाठ सुटली पाहिजे. दोर त्याच्या पाठीच्या उंचीला, हातभर मोकळा ठेवा. हाताभोवती तो गुंडाळू नका, घड्या करून मुठीत धरा. अंगठी आधीच काढून ठेवा.

खूर साफ करताना मांडी घालून किंवा गुडघा टेकून बसू नका. कमरेत वाकून उभं राहा, म्हणजे उडी मारून बाजूला होता येतं. तोंड घोड्याच्या शेपटीकडे, पावलं त्याच्या पायापासून बाहेरच्या बाजूला. झालं की खूर हातातून सोडून देऊ नका, धरूनच जमिनीवर टेकवा. खूर अचानक खाली येतो तेव्हाच पाय सापडतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

चालवताना डाव्या खांद्याशी, हातभर अंतर ठेवून चाला. पुढे चालून ओढत नेलं आणि तो मागच्या आवाजाला बुजला, तर थेट तुमच्या अंगावर येतो. वळवायचं तर उजवीकडे, म्हणजे स्वतःपासून दूर. तुमच्याकडे वळवलात की त्याचे पुढचे पाय तुमच्या पावलांवर येतात.

वरातीतली घोडी

आपल्याकडे बहुतेकांचा घोड्याशी संबंध येतो तो लग्नाच्या वरातीत. नवरदेवाच्या पायात मोजडी असते, गुळगुळीत आणि टाच जवळजवळ नसलेली. भोवती डीजे, फटाके, आणि घोडीच्या मागे नाचणारी पोरं, अनवाणी किंवा चपलांत. दोन गोष्टी करता येतात. नवरदेवाने घोडीवर असेपर्यंत टाचेचे बूट घालावेत आणि मोजडी मांडवात चढवावी. घोडीच्या मागे 10 फूट जागा मोकळी ठेवायला घरातला एक वडीलधारा नेमावा, आणि फटाके त्याच्या परवानगीशिवाय लागू नयेत. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेला जाणाऱ्यांनीही हेच अंतर पाळावं. तापीकाठी घोडे ओळीने बांधलेले असतात, आणि फोटो काढताना माणूस नकळत मागच्या घोड्याच्या पिछाडीत सरकतो.

पाय सापडलाच तर

ओढू नका. घोड्याच्या खांद्यावर भार टाकून त्याला पलीकडे रेटा. पाय सुटला की आधी घोड्यापासून लांब व्हा, मग बूट सैल करा. कापडात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटं लावा. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा पाऊल वेडंवाकडं दिसत असेल, तर चोळत बसू नका, एक्स-रे काढा.

काम संपलं की घोडा मोकळा सोडतानाचा क्षण राहतो. फाटकातून आत गेल्यावर त्याचं तोंड फाटकाकडे फिरवा, तुम्ही फाटकापाशी राहा, आणि मगच म्होरकी (तोंडावरचा दोर-पट्टा) काढा. सुटल्याच्या आनंदात तो वळून दुगाण्या झाडतो, तेव्हा तुम्ही बाहेर असायला हवं. बूट तबेल्यातच धुऊन, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवा. दर महिन्याला उलटे करून टाच बघा. ती एका बाजूने झिजलेली दिसली तर मोच्याकडून नवी लावून घ्या. तळ चामड्यापासून सुटायला लागला असेल, तर तो बूट घोड्याजवळ घालू नका.