रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय? आधी गाडीशी बोलायला शिका (मुंबईकरांसाठी)

पहिलंच सांगून टाकतो, पाम बीच रोडला रात्री दीड वाजता मित्राची स्विफ्ट ताणणं म्हणजे रेसिंग नाही. ज्याला खरंच रेसर व्हायचंय त्याने कार्टमध्ये, म्हणजे जमिनीलगतच्या छोट्या उघड्या रेस गाडीत, बसायचं. आठ-नऊ वर्षांचं पोर असेल तर उत्तम, सतरा-अठराचं असेल तरी चालतंय, पण मग एफवनचं (फॉर्म्युला वन) नाव काढू नका, टुरिंग कार आणि जीटीकडे, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्या रेस गाड्यांकडे बघा.

सुरुवात भाड्याच्या कार्टने करा. लगेच स्वतःची कार्ट घ्यायला धावू नका प्लीज. चार-पाच वेळा जा, दर वेळी लॅपचा कागद मागून घ्या आणि त्यावर सगळ्यात फास्ट लॅप बघू नका, ती कुणाचीही एकदा लागते. बघायचं काय, तर सलग आठ लॅप एकमेकींच्या किती जवळ आहेत. सेकंदाच्या दोन-तीन दशांशात आल्या तर पोराच्या हातात काहीतरी आहे. आणि भाड्याच्या दोन कार्ट कधीच सारख्या नसतात, त्यामुळे शेजारच्या बंट्याशी तुलना करून रडत घरी यायचं काही कारण नाही.

आता मेन गोष्ट. कार्टला सस्पेन्शन नसतं आणि मागचा अ‍ॅक्सल एकच सरळ दांडा असतो, डिफरेन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारा गिअर) वगैरे काही नाही, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकाच स्पीडने फिरणार. पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं ना, मग आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं गेलं पाहिजे, नाहीतर कार्ट अडखळते आणि पुढून सरळच जाते. ते चाक उचलतं कारण स्टिअरिंग फिरवलं की पुढचं आतलं चाक खाली दाबलं जातं, तेवढ्यात चॅसी (कार्टचा पाइपांचा सांगाडा) पिळते आणि वजन बाहेर जातं. हे एकदा डोक्यात बसलं की कळतं, सीट दोन सेंटिमीटर इकडेतिकडे केली तरी कार्ट का बदलते ते.

आणि हेच सांगता आलं पाहिजे. मी बरीच वर्षं पोरांच्या कार्टचे नटबोल्ट आवळलेत, फास्ट पोरं पुष्कळ पाहिली, पण पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडी दुरुस्त करायच्या जागी) येऊन "काका, कार्ट बरोबर नाही" एवढंच बोलणारीच जास्त. बरोबर नाही म्हणजे काय रे? वळणात शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना? पुढून ढकलते की मागून सुटते? पहिल्या लॅपपासून की टायर तापल्यावर? एक वही ठेवा, प्रत्येक सेशननंतर हेल्मेट काढायच्या आधी, म्हणजे कुणाशी गप्पा मारायच्या आधी, चार ओळी खरडा. पुढे डेटा, टेलीमेट्री (गाडीच्या सेन्सरमधून येणारी माहिती) सगळं येतं, पण इंजिनिअर पहिला प्रश्न हाच विचारतो.

मुंबईत मोठं सर्किट नाहीये हे मान्य करून टाका. आपल्याला जवळ म्हणजे कोल्हापूर, तिथे मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली की सकाळी तिथे. त्यापुढे कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ३.७१७ किमीचा ट्रॅक आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, जिथे २०११ ते २०१३ एफवनची इंडियन ग्रां प्री झाली आणि तिन्ही सेबॅस्टियन व्हेटेलने नेल्या. नॅशनलला उतरायला एफएमएससीआयचं (भारतातल्या मोटरस्पोर्टची संघटना) लायसन्स काढावं लागतं, मेडिकल लागतं, अठराच्या खाली असाल तर आईबाबांची सही.

पैसा. च्यायला, इथेच सगळे बसतात. कार्टची किंमत बघून बजेट करू नका, टायरचे सेट, इंजिन रीबिल्ड, मेकॅनिक, एंट्री फी आणि प्रवास यांचं करा. सेकंडहँड घ्यायची तर उलटी करून खालचे पाइप बघा, कर्बवर (ट्रॅकच्या उंच कडेवर) घासून चपटे झाले असतील तर सोडून द्या. आम्ही एकदा रंग बघून घेतली, चॅसी वाकडी निघाली, अख्खा सीझन ती डावीकडे छान आणि उजवीकडे बैल. विकणारा फोन उचलेना.

फॉर्म्युलाची शिडी तर वेगळंच प्रकरण. एफवनमध्ये उतरायला लागणाऱ्या सुपर लायसन्सला तीन सीझनमध्ये ४० पॉइंट लागतात, एफटूत (एफवनच्या खालची पायरी) पहिल्या तिघांत आलं तर तेवढे मिळतात, पण एफटूचा एक सीझन वीस कोटींच्या वर जाऊ शकतो. आपल्या मुंबईचा जेहान दारुवाला बघा, २०११ मध्ये फोर्स इंडिया या एफवन टीमच्या शोधमोहिमेत निवडला गेला, रेड बुलचा ज्युनिअर ड्रायव्हर झाला, २०२० ला साखीरला एफटू रेस जिंकणारा पहिला भारतीय ठरला, एकूण चार रेस जिंकल्या, तरी एफवनची सीट नाही मिळाली, मग इलेक्ट्रिक गाड्यांची फॉर्म्युला ई. एफवनमधला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन २००५ ला अमेरिकेत इंडियानापोलिसला चौथा आला, त्या दिवशी टायरच्या भानगडीमुळे सहाच गाड्या धावल्या होत्या, पण त्याचे पाच पॉइंट रेकॉर्डवर आहेतच ना! म्हणून म्हणतो, दुसरी कमाई हाताशी ठेवा. स्नेहा शर्मा विमानही उडवते आणि रेसही करते, हा रस्ता मला जास्त शहाणा वाटतो. कोचिंग, टायर टेस्टिंग, ट्रॅक डेला इन्स्ट्रक्टर, यातूनही घर चालतं.

शरीराचं थोडक्यात. हेल्मेट धरून डोकं सहा-सात किलो, एफवनमध्ये ५ जी (वजनाच्या पाचपट जोर) लागला की मानेवर तीस-पस्तीस किलो. कार्टमध्ये एवढं नाही, पण बरगड्या ठणकतात, रिब प्रोटेक्टर पहिल्या दिवसापासून घाला. जिममध्ये नुसते बायसेप करू नका, मान आणि कंबर करा. आणि मे महिन्यात दुपारी धावायची सवय लावा, सूटच्या आत असाच उकाडा असतो.

आपल्याला एक फायदा आहे, पाऊस. बाकीची पोरं पाऊस आला की टपरीवर जातात, तेव्हा तुम्ही ट्रॅकवर जा. कोरड्यात जी लाइन चांगली असते तिथे रबर साचलेलं असतं, ओलं झालं की ते साबणासारखं, त्यामुळे वळणाच्या बाहेरच्या कडेने फिरा, ब्रेक लवकर आणि हलका, स्टिअरिंग मात्र झटक्यात. पहिल्या दिवशी पाच-सहा वेळा गरगर फिराल, फिरू दे. व्हायझर आतून धुकटतो, त्याला भांड्याचा साबण अगदी पातळ चोळून कोरड्या फडक्याने पुसून घ्या, महागडे स्प्रे मिळतात म्हणे, आमचं विमवर भागलं.