टेस्ट ड्राइव्हनंतर जर्मन स्पोर्ट सेडानची तुलना करताना या चुका टाळा

बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, मर्सिडीज-बेंझ सी-क्लास आणि ऑडी ए४ यांपैकी कोणती गाडी घ्यावी, या प्रश्नासाठी गेल्या काही वर्षांत नागपुरातील अनेक मित्रांबरोबर आणि नातेवाइकांबरोबर मी टेस्ट ड्राइव्हला बसलो आहे आणि स्वतःची गाडी घेतानाही हा सगळा खटाटोप केला आहे. तिन्ही गाड्या चालवून, प्रत्येकीविषयी मत ठाम करूनही निर्णय चुकल्याचे मी पाहिले आहे. कारण बहुतेक वेळा एकच असते: तिघींची परीक्षा सारखी झालेली नसते. एक गाडी रविवारी सकाळी सात वाजता मोकळ्या वर्धा रोडवर चालवलेली असते, दुसरी मे महिन्यात दुपारी दोन वाजता, तासभर उन्हात उभी राहिल्यानंतर, आणि तिसरी संध्याकाळी सीताबर्डीच्या गर्दीत. मग पंधरा दिवसांनी घरी बसून आठवणीतून तुलना केली जाते. साठ-सत्तर लाखांच्या व्यवहाराला हा आधार फार तोकडा आहे.

टायरमधील हवा न मोजता गाडीला ‘कडक’ ठरवणे

ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या यादीतील एक गाडी अजनी ते विमानतळ या उड्डाणपुलावर प्रत्येक सांध्याला असा दणका देत होती की, छत्रपती चौक मागे पडेपर्यंत मी तिला मनातून बाद करून टाकले होते. दोन दिवसांनी एका जाणकार मित्राने मला पुन्हा शोरूममध्ये नेले आणि गाडी सुरू करण्याआधी खिशातून हवेचा गेज काढला. चालकाच्या दारालगतच्या खांबावर जे स्टिकर असते त्यावर ३३ पीएसआय लिहिले होते. चारही टायरमध्ये ४२ च्या आसपास हवा होती. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा वाहतुकीत आणि यार्डात उभी राहून टायर एका जागी चपटे होऊ नयेत म्हणून हवा जास्त भरलेली असते आणि गाडी ग्राहकापुढे येण्यापूर्वी ती कमी करायची असते. या गाडीत ते काम राहून गेले होते. हवा स्टिकरप्रमाणे करून आम्ही त्याच पुलावरून पुन्हा गेलो, तेव्हा सांधे जाणवत होते, पण तो दणका राहिला नव्हता. ज्या गाडीला मी दोन दिवस नावे ठेवत होतो, ती शेवटी माझ्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आली.

तेव्हापासून काही शे रुपयांचा हा गेज घेतल्याशिवाय मी कोणत्याही टेस्ट ड्राइव्हला जात नाही. स्टिकरवरील आकडा थंड टायरसाठी असतो, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की टायरमधील दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. म्हणजे सकाळी २८ अंशांत मोजलेली हवा आणि नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी ४४ अंशांत मोजलेली हवा यांत, गाडी जागची हललेली नसतानाही, अडीच पीएसआयचा फरक पडतो. गाडी चालून टायर तापले की तो आणखी वाढतो. म्हणून तिन्ही गाड्यांची हवा एकाच सुमाराच्या वेळी आणि गाडी निघण्यापूर्वीच मोजावी.

टायरचा प्रकारही याच वेळी पाहून घ्यावा. रन-फ्लॅट टायरची बाजूची भिंत जाड आणि ताठ असते, कारण हवा गेल्यावर गाडीचे वजन तिनेच पेलायचे असते. पंक्चरनंतर अशा टायरवर साधारण ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने ८० किलोमीटरपर्यंत जाता येते, म्हणजे जवळपास नागपूर ते वर्धा. विदर्भात एका गावाहून दुसऱ्या गावी रात्री-बेरात्री जाणाऱ्याला ही सोय मोलाची वाटू शकते, पण तिची किंमत लहान खड्ड्यांवर मोजावी लागते. एका गाडीला रन-फ्लॅट आणि दुसरीला साधे टायर, किंवा एकीला १७ इंची आणि दुसरीला १९ इंची चाके असतील, तर सस्पेन्शनविषयी मत बनवण्याआधी हा फरक वहीत लिहून ठेवावा. सुटे चाक आहे का, असल्यास ते डिकीची किती जागा खाते, हे डिकी उघडूनच पाहावे.

चालवली एक, बुक केली दुसरी

शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हसाठी बहुधा एकच व्हेरियंट उपलब्ध असते, आणि घाई असलेला ग्राहक त्यावरूनच बाकीच्या व्हेरियंटचा अंदाज बांधतो. थ्री सिरीजच्या बाबतीत हा अंदाज सर्वाधिक महागात पडतो. भारतातील ३३०एलआय ही लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर जास्त असलेली गाडी असून तिचा व्हीलबेस २९६१ मिलिमीटर आहे, तर एम३४०आय मूळ २८५१ मिलिमीटरच्या व्हीलबेसवर बेतलेली आहे. या ११० मिलिमीटरचा फरक जवळजवळ सगळा मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे पडतो. माझ्या एका परिचितांनी ३३०एलआय चालवली, मागची सीट पाहून घरातील सगळे खूश झाले, आणि नंतर सहा सिलिंडरच्या इंजिनाच्या मोहाने त्यांनी एम३४०आय बुक केली. गाडी घरी आल्यावर मागे बसलेल्यांनी पहिल्याच दिवशी विचारले की, ही तीच गाडी आहे का. मोह समजण्यासारखा आहे, कारण ते ३ लिटरचे इंजिन खरोखरच सुंदर आहे. पण मागची सीट त्याच गाडीत बसून पाहायला हवी होती.

इंजिनांची जोडीही बरोबर लावावी लागते. ३३०एलआयचे २ लिटर पेट्रोल इंजिन २५८ अश्वशक्तीचे आहे. सी-क्लासच्या सी२०० मध्ये दीड लिटरचे २०४ अश्वशक्तीचे इंजिन असून त्याला ४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिड यंत्रणेची, म्हणजे इंजिनाला थोडा हातभार लावणाऱ्या छोट्या विजेच्या मोटरची, साथ आहे. या दोन गाड्या एकामागोमाग चालवून ‘मर्सिडीज मंद आहे’ असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तुलना दोन कंपन्यांची न होता दोन वेगळ्या वर्गांतील इंजिनांची झालेली असते. त्याचप्रमाणे एम३४०आयच्या समोर मर्सिडीजची एएमजी सी४३ आणि ऑडी एस५ स्पोर्टबॅक ठेवावी, पण तेव्हा एम३४०आय चेन्नईत जोडली जाते आणि बाकीच्या दोन्ही पूर्ण तयार स्वरूपात आयात होतात, त्यामुळे किमतीत मोठी तफावत येते, हे विसरू नये. डिझेल चालवून पेट्रोल घेणाऱ्यांनी तर पुन्हा एक फेरी मारावीच. डिझेलचा खालच्या आरपीएमवर मिळणारा जोर पेट्रोलमध्ये तसाच मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

परदेशातील निकाल इथल्या गाडीला लावणे

टेस्ट ड्राइव्हला येणारे बरेच जण युरोपातील मासिकांचे निकाल पाठ करून येतात आणि चालवताना जे जाणवते त्यापेक्षा जे वाचले त्यावर अधिक विश्वास ठेवतात. तिथे परीक्षण झालेली थ्री सिरीज आखूड व्हीलबेसची असते, तिथली ए४ अनेकदा क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी, असते. भारतात विकली जाणारी ए४ ४० टीएफएसआय ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. पावसाळी वळणावर क्वाट्रोने केलेल्या करामतीची स्तुती वाचून इथे तशीच पकड शोधणे व्यर्थ आहे.

गाडीची पिढीही पाहावी. ए४ ची ही रचना २०१५ ची, थ्री सिरीजची २०१८ ची आणि सी-क्लासची २०२१ ची आहे. युरोपात २०२४ मध्ये ए४ ची जागा नव्या ए५ ने घेतली. त्यामुळे आतील डिजिटल पडद्यांच्या (स्क्रीनच्या) आकारावरून ए४ ला जुनी म्हणण्यात तथ्य आहे, पण तिची बटणे न पाहता दाबता येतात, एसीचे तापमान बदलण्यासाठी रस्त्यावरून नजर काढावी लागत नाही, ही गोष्ट दहा मिनिटांच्या फेरीत सहज निसटते. शोरूमबाहेर उभ्या गाडीत पडदा चाळून मत देण्यापेक्षा चालत्या गाडीत तीन कामे करून पाहावीत: तापमान दोन अंशांनी कमी करणे, फोन जोडणे आणि सीटमधून हवा खेळवणारा पंखा सुरू करणे, जर तो असेल तर.

शोरूमने ठरवलेल्या रस्त्यावरच समाधान मानणे

“सर, आमचा रूट हाच आहे,” असे सांगून विक्री प्रतिनिधी आपल्याला चार-पाच किलोमीटरच्या गुळगुळीत रस्त्यावरून फिरवून आणतात. त्यांचे काही चुकत नाही. पण आपण आधी फोन करून, नम्रपणे, आपला रस्ता सांगितला तर बहुतेक ठिकाणी तो मान्य होतो. माझा ठरलेला मार्ग असा आहे: शंकरनगर चौकातून निघून सिग्नलच्या गर्दीतून वर्धा रोड, मग उड्डाणपूल, खापरीपर्यंतचा वेगाचा टप्पा, परत येताना पुलाखालचा रस्ता, आणि शेवटी सेमिनरी हिल्सचा चढ व वळणे. तासाभराच्या या फेरीत काँक्रीट, डांबर, गतिरोधक, चढ आणि थांबत-थांबत चालणे हे सगळे येते.

काँक्रीटचा आग्रह मी मुद्दाम धरतो. नागपुरात शहरातील कितीतरी रस्ते सिमेंटचे झाले आहेत आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही येथूनच, तोही काँक्रीटवर, सुरू होतो. डांबरावर शांत वाटलेली गाडी काँक्रीटवर टायरचा एकसुरी घोंगावणारा आवाज आत सोडू शकते, आणि समृद्धीवर ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेत शिर्डीपर्यंत जाताना तो आवाज पाच तास सोबत असतो. तिन्ही गाड्या त्याच पट्ट्यावर, त्याच वेगाने, खिडक्या आणि संगीत बंद ठेवून चालवाव्यात आणि मागे बसलेल्याशी साध्या आवाजात बोलून पाहावे. कोणत्या गाडीत आवाज चढवावा लागला, हे लगेच कळते.

गर्दीतला टप्पाही टाळू नये. ए४ ची सात गिअरची गिअरबॉक्स दोन क्लचची आहे, तर थ्री सिरीजची आठ गिअरची आणि सी-क्लासची नऊ गिअरची टॉर्क कन्व्हर्टर प्रकारची, म्हणजे इंजिनाचा जोर तेलाच्या माध्यमातून पोहोचवणारी. मोकळ्या रस्त्यावर दोन क्लचची गिअरबॉक्स झटपट आणि स्वच्छ गिअर बदलते, पण पायी चालण्याच्या वेगाने सरकताना क्लच सतत धरणे-सोडणे चालते आणि तेव्हा हलकेसे हिसके जाणवू शकतात. हा फरक झांशी राणी चौकात संध्याकाळी सात वाजता कळतो, मिहानच्या रिकाम्या रस्त्यावर कळत नाही.

मोड न पाहता चालवणे

गाडी सुरू करताना ती कोणत्या ड्राइव्ह मोडमध्ये (कम्फर्ट, स्पोर्ट वगैरे) आहे हे विचारावे. आधीच्या ग्राहकाने स्पोर्ट मोड लावून ठेवलेला असेल, तर स्टिअरिंग जड, ॲक्सिलरेटर उतावीळ आणि गिअर खालचे धरून ठेवलेले असे सगळे एकदम मिळते, शिवाय काही गाड्यांत इंजिनाचा आवाज स्पीकरमधूनही वाढवला जातो. प्रत्येक गाडी आधी वीस मिनिटे कम्फर्टमध्ये आणि मग दहा मिनिटे स्पोर्टमध्ये चालवावी. सस्पेन्शन मोडप्रमाणे बदलणारे आहे का, हेही विचारावे. नसेल, तर स्पोर्टमध्ये गाडी ‘घट्ट बसली’ असे वाटणे हा केवळ स्टिअरिंगच्या जडपणाचा परिणाम असतो.

घरच्यांना न नेणे

मी बाबांना नेले होते. सगळा वेळ ते शांत बसले आणि परत आल्यावर एवढेच म्हणाले, “गाडी मस्त आहे रे, पण उतरताना गुडघ्यावर जोर येते.” या सेडान जमिनीलगत बसतात, वयस्कर माणसाने तिन्ही गाड्यांत दोन-दोनदा चढून-उतरून पाहिल्याशिवाय कोणती सोयीची हे ठरत नाही. माणसे बसलेली असतानाच आपल्या कॉलनीतील सर्वांत उंच गतिरोधकावरूनही गाडी नेऊन पाहावी, कारण लांब व्हीलबेसच्या गाडीचे पोट चौघांच्या वजनाने खाली आलेले असताना घासू शकते.

वेगवेगळ्या पायावरचे दर शेजारी ठेवणे

शेवटी कागद. एका शोरूमचा दर एक्स-शोरूम (रस्ता कर आणि विम्याशिवाय), दुसऱ्याचा ऑन-रोड (ते धरून), आणि तिसरा आकडा मित्राने सांगितलेला, तोही सप्टेंबर २०२५ पूर्वीचा, असे मी अनेकदा पाहिले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस रद्द होऊन या वर्गातील गाड्यांवर ४० टक्के जीएसटी लागू झाला, त्यामुळे त्याआधीचे दर तुलनेत घेऊच नयेत. महाराष्ट्रात २० लाखांवरील पेट्रोल गाडीला वैयक्तिक नोंदणीत १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के रस्ता कर लागतो; ६० लाखांच्या गाडीवर हा फरक १ लाख २० हजारांचा होतो. तीच गाडी कंपनीच्या नावाने घेतली तर कर २० टक्के, म्हणजे १२ लाख. त्यामुळे तिन्ही शोरूमकडून एकाच आठवड्यातील, एकाच नावावरील नोंदणीचे, विमा आणि वाढीव वॉरंटी वेगळ्या ओळींत दाखवणारे लेखी कोटेशन मागावे. विम्यात झिरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांची झीज न कापता भरपाई) आणि टायरचे संरक्षण आहे की नाही, हे प्रत्येक कोटेशनवर पेनाने खूण करून घ्यावे, आणि ज्या कोटेशनवर व्हेरियंटचे पूर्ण नाव व चाकांचा आकार लिहिलेला नसेल, ते परत पाठवून दुरुस्त करून मागवावे.