धुळ्याच्या पेठेत गुन्ह्यांच्या इतिहासाची पायी फेरी कशी आखावी

धुळ्यात अशी फेरी आखताना पहिला प्रश्न मार्गाचा नसून शब्दाचा असतो. सरकारी दप्तरात ज्याची नोंद दरोडा म्हणून झाली, तेच कृत्य गावाच्या आठवणीत उठाव म्हणून राहिलेले असते, आणि ही दोन्ही नावे ऐकणाऱ्यांसमोर ठेवण्याची तयारी नसेल तर फेरी काढू नये.

सुरुवात पाचकंदीलपासून करावी. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला कारभाराचे मुख्य ठाणे केले आणि जुन्या गावाशेजारी सरळ रस्त्यांची नवी पेठ वसवली. आजही येथील पत्ते गल्लीच्या क्रमांकाने सांगितले जातात, त्यामुळे नवख्या माणसालाही मार्ग सापडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील सकाळ निवडावी, दुकाने उघडण्यापूर्वी गल्ल्या संपवाव्यात आणि बारा-पंधरापेक्षा जास्त माणसे घेऊ नयेत, कारण अरुंद गल्लीत मोठा घोळका थांबला की रहिवाशांची अडचण होते.

आग्रा रोडवर मात्र निवांत थांबावे. याच आग्रा मार्गावर, उत्तरेला सेंधव्याच्या घाटात, १८५७ मध्ये भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक आणि त्याच्या साथीदारांनी सुमारे सात लाखांचा खजिना लुटला. एकेकाळी त्याच घाटाच्या राखणीचे काम इंग्रजांनी त्याच्याकडे सोपवले होते, मध्यंतरी त्याने तुरुंगही भोगला होता, आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीच्या लढाईत भिल्ल स्त्री-पुरुष इंग्रजांच्या फौजेशी लढले. या कथेला लागूनच चिमठाण्याची हकिकत सांगावी. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना क्रांतिकारकांनी चिमठाण्याजवळ लुटला. सुमारे साडेपाच लाखांची ती रक्कम भूमिगत चळवळीसाठी होती, आणि त्या कामात साताऱ्याच्या प्रतिसरकारातील जी. डी. बापू लाड व नागनाथअण्णा नायकवडी यांचा सहभाग होता. या दोन लुटींत सत्त्याऐंशी वर्षांचे अंतर आहे. दुसरीचे स्मारक झाले आणि पहिलीतील माणसांना मात्र कित्येक वर्षे लुटारूच म्हटले गेले, याकडे लक्ष वेधणे हे वाटाड्याचे कामच आहे असे मी मानतो.

भिल्ल, पारधी किंवा अन्य कोणत्याही समाजाचा उल्लेख ‘गुन्हेगार जमात’ असा कदापि करू नये. १८७१ च्या कायद्याने माणसाला जन्मावरून गुन्हेगार ठरवले आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; हा शब्द कोठून आला हे समजावून सांगणे वेगळे आणि तो सहज वापरणे वेगळे.

कथा गोळा करण्यासाठी आधी राजवाडे संशोधन मंडळात काही दिवस बसावे आणि १८८० चे खानदेश गॅझेटियर वाचावे, मात्र ते सरकारच्या नजरेतून लिहिलेले आहे याचे भान ठेवावे. त्यानंतर ओट्यावर बसलेल्या आबांकडे, आक्कांकडे जावे. त्यांना अहिराणीतच, म्हणजे खानदेशच्या बोलीतच, बोलू द्यावे आणि ‘हाई गोट तुमले कोनी सांगी?’ (ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली?) एवढे आवर्जून विचारावे. उत्तर आजोबांपर्यंत पोहोचले तर ती दंतकथा म्हणून, तसे स्पष्ट बजावून, सांगता येते. किल्ल्यातून निघणाऱ्या भुयाराच्या कथा बहुधा याच प्रकारच्या असतात. उत्तर ‘सगळेच म्हणतात’ असे आले तर ती कथा वहीतच राहू द्यावी. हा कडकपणा अनाठायी नाही. १ जुलै २०१८ रोजी याच जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा पसरली आणि भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. ही घटना फेरीत जरूर सांगावी, पण तपशील रंगवून नव्हे. अलीकडच्या इतर खुनांचा आणि दंगलींचा विषय मात्र टाळावा, कारण ज्यांच्या घरातील माणूस गेला ती कुटुंबे याच गल्ल्यांमध्ये राहतात.

शेवटचा टप्पा जेल रोडचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये एका खटल्यासाठी धुळ्याच्या न्यायालयात आले होते, हे तेथे जाताना थोडक्यात सांगावे. तुरुंगाच्या भिंतीपाशी मात्र घाई करू नये. १९३२ मध्ये याच तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर एक अशी अठरा प्रवचने दिली आणि कैदी असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तुरुंगात आजही कैदी आहेत, म्हणून आवाज लहान ठेवावा, छायाचित्रे घेऊ नयेत, आणि आत जाण्याची इच्छा असल्यास तुरुंग प्रशासनाकडे आधी लेखी अर्ज करावा.