रक्त पातळ ठेवणारी गोळी: विचारू नका, दाखवायला सांगा

वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेणाऱ्या वयस्कर रुग्णाला ‘गोळ्या नीट घेता ना?’ विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. त्यापेक्षा गोळ्यांचं पाकीट त्यांच्या हातात द्या आणि आज रात्री कोणती, किती घेणार ते काढून दाखवायला सांगा. घोळ इथेच सापडतो. डोस ‘5 मि.ग्रॅ.ची अर्धी आणि 1 मि.ग्रॅ.च्या दोन’ असेल आणि अर्धीऐवजी अख्खी गेली, तर 4.5चे 7 मि.ग्रॅ. होतात. असा डोस दिसला की अर्धी गोळी टाळता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

मग पिशवीतली बाकीची औषधं बघा. गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन हमखास निघते. पोटात रक्तस्रावाचा धोका त्याने वाढतो. मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमॉक्साझोल (ही जंतुसंसर्गावरची) किंवा फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं) या औषधांची नवी चिठ्ठी आली तर देण्याआधी डॉक्टरांना फोन करा; आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) चढतो, म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढतो; तो 3 ते 5 दिवसांत तपासावा लागतो. पुढच्या तपासणीची तारीख पाकिटावरच ठळक लिहा, वेगळा कागद हरवतो.

चुकलेला डोस त्याच दिवशी आठवला तर घ्यावा, दुसऱ्या दिवशी दुप्पट कधीच नाही. डांबरासारखी काळी शौच, लाल लघवी किंवा डोक्याला मार, जखम दिसत नसली तरी, म्हणजे थेट रुग्णालय.