गणित-विज्ञानासाठी प्राथमिक आणि हायस्कूलचे शिक्षक एकत्र बसताय? या चुका टाळा

“आठवीत आलेल्या पोरांना साधा भागाकार येत नाही,” हे वाक्य हायस्कूलच्या शिक्षक खोलीत दर जूनमध्ये ऐकू येतं. तिकडे चार किलोमीटरवरच्या जिल्हा परिषद शाळेत गुरुजी म्हणतात, “आमच्याकडे तर येत होता.” दोघंही खरंच बोलत असतात. मी हायस्कूलला गणित आणि विज्ञान शिकवतो. ज्या शाळांतून मुलं आमच्याकडे येतात, तिथल्या शिक्षकांबरोबर आम्ही महिन्यातून एकदा बसतो. सुरुवातीच्या बैठका फसल्या. त्या कशामुळे फसल्या, हे इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितोय.

निकालाचा कागद घेऊन बसणं

पहिल्या बैठकीला मी चाचणीचे गुण घेऊन गेलो होतो. कोणत्या शाळेची मुलं कुठे कमी पडली, त्याचा तक्ता. दहा मिनिटांत प्रत्येक जण आपली बाजू मांडू लागला. कुणाची द्विशिक्षकी शाळा, कुणाची निम्मी मुलं ऊसतोडीला गेलेली. कारणं सगळी खरी होती, पण गणितावर एक शब्द झाला नाही. गुणांवरून चूक किती झाली ते कळतं, ती कुठून आली ते कळत नाही.

गुणांचा तक्ता घरी ठेवा आणि वह्या आणा. पाच वह्या पुरतात. मुलाच्या आणि शाळेच्या नावावर कागद चिकटवा.

आमच्या आठवीतल्या एका मुलीची वही अशीच टेबलावर होती. एका संख्येच्या तिपटीत ५ मिळवले तर २० होतात, ती संख्या कोणती? तिनं लिहिलं होतं: २० – ५ = १५ ÷ ३ = ५. उत्तर बरोबर, मांडणी चूक (२० – ५ म्हणजे १५, ते १५ ÷ ३ च्या बरोबर नाही), म्हणून मी लाल पेनानं ओळ खोडली होती. दुसरीला शिकवणाऱ्या एका बाईंनी ती ओळ नीट पाहिली आणि म्हणाल्या, “सर, ती ‘बरोबर’चं चिन्ह ‘आता उत्तर लिहा’ असं वाचतेय. आमच्याकडे पहिलीपासून उत्तराची चौकट उजवीकडेच असते ना.”

मी इतकी वर्षं ज्याला निष्काळजीपणा म्हणत होतो, त्याचं मूळ त्यांनी एका वाक्यात दाखवलं. मग आम्ही एकच प्रश्न तिसरीपासून नववीपर्यंत सगळ्या वर्गांना दिला: ८ + ४ = ☐ + ५. तिसरीतल्या बऱ्याच मुलांनी चौकटीत १२ लिहिलं. नववीतही काहींनी १२ लिहिलं, काहींनी तर सगळं मिळवून १७. आता त्या बाईंच्या फळ्यावर १२ = ८ + ४ असंही लिहिलेलं असतं. मी समीकरणाची सुरुवात तराजूच्या चित्रानं करतो. “पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं” हे मी आता पहिल्याच तासाला सांगून टाकत नाही.

तुमच्या गटाला हा प्रश्न जरूर देऊन पाहा. पाच मिनिटं लागतात, आणि पहिलीच्या शिक्षकापासून दहावीच्या शिक्षकापर्यंत प्रत्येकाला त्यावर बोलण्यासारखं काही तरी असतं.

हायस्कूलनं सांगायचं, प्राथमिकनं ऐकायचं

ही सर्वांत घातक चूक. विषयाची पदवी हायस्कूलच्या शिक्षकाकडे असते, म्हणून आपोआप तोच बोलतो. पण मूल संख्या कशी ऐकतं, हे कळायला पहिली-दुसरीच्या वर्गातच उभं राहावं लागतं. मी वर्गात ‘एकोणपन्नास’ सांगितलं आणि एका मुलानं ५९ लिहिलं, तेव्हा मला राग आला होता. बैठकीत गुरुजींनी उलगडून सांगितलं: एकोणपन्नास म्हणजे एक उणा पन्नास. मुलाला ‘पन्नास’ ठळक ऐकू येतं, म्हणून ५ आधी लिहिला जातो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ संख्यांमध्ये हा खड्डा आहे. शिवाय ‘एकवीस’मध्ये एक आधी बोलायचा आणि नंतर लिहायचा. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आणली, त्यामागे हीच अडचण होती. राज्यभर वाद झाला, चेष्टाही झाली. त्या वर्षी दुसरीत असलेली मुलं २०२५ मध्ये आठवीत आली. त्यांची दुसरी संपता संपता करोनामुळे शाळा बंद झाल्या होत्या, हे हायस्कूलच्या शिक्षकांनी लक्षात ठेवायला हवं.

यावर साधा उपाय म्हणजे बैठकीची सुरुवात नेहमी सर्वांत खालच्या वर्गाच्या शिक्षकानं करावी.

एकमेकांचे शब्द खोडणं

“वजन किलोत सांगायला शिकवता, मग दहावीत आम्ही न्यूटन कसा शिकवायचा?” हा आमचा ठरलेला आरोप, कारण विज्ञानात किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक आणि न्यूटन हे वजनाचं. पण बाजारात वजन किलोतच सांगतात, आणि तिसरीतल्या मुलाला ‘वस्तुमान’ शब्द देऊन काही साधत नाही. आम्ही शब्दांऐवजी साधनांवर एकमत केलं. प्राथमिकला तराजू आणि तानकाटा दोन्ही हाताळू द्यायचे: एकात वजनमापांशी तुलना होते, दुसऱ्यात स्प्रिंग ताणली जाते. दहावीत ‘गुरुत्वाकर्षण’ आलं की तीच दोन साधनं पुन्हा काढायची आणि विचारायचं, चंद्रावर नेली तर कोणत्याचं माप बदलेल? १ किलोग्रॅम वस्तुमानाचं पृथ्वीवरचं वजन सुमारे ९.८ न्यूटन, हे तेव्हा सहज पटतं.

सेमी इंग्रजीत ‘छेद’चा डिनॉमिनेटर आणि ‘त्रिज्या’ची रेडियस होते. अशा शब्दांची जोडयादी दोन्ही शाळांच्या भिंतींवर लावा.

पाठ बघताना शिक्षकाला बघणं

आदर्श पाठ म्हटलं की शिक्षक ठेवणीतला वर्ग घेतो आणि मागच्या बाकांवर बसलेले परीक्षक होतात. आम्ही नियम केला: पाठ सगळ्यांनी मिळून आखायचा, एकानं घ्यायचा, आणि बाकीच्यांनी प्रत्येकी दोन मुलांजवळ बसून फक्त त्यांनी काय लिहिलं, कुठे हात थांबला, एवढंच टिपायचं. पाठ फसला तर तो सगळ्यांचा फसतो.

आणखी एक. तालुकाभर सुरू करू नका. एक हायस्कूल आणि तीन-चार शाळा पुरेत. व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे बैठक नव्हे. केंद्राच्या (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत सूचना आणि ऑनलाइन माहितीतच वेळ जात असेल, तर केंद्रप्रमुखांकडे पाऊण तास मागून घ्या, आम्हाला मिळाला. अशा बैठका नव्या नाहीत: मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांतून प्रयोगांवर आधारलेलं विज्ञान शिक्षण सुरू झालं आणि ते २००२ पर्यंत चाललं. शिक्षकांच्या मासिक बैठका हा त्याचा कणा होता.

प्रयोगशाळेची किल्ली

हायस्कूलच्या कपाटात सूक्ष्मदर्शक धूळ खातो आणि पाचवीतली मुलं कांद्याची पेशी चित्रातच बघतात. साहित्य का देत नाही, विचारलं तर उत्तर एकच: जडसंग्रहात (शाळेच्या टिकाऊ साहित्याच्या नोंदवहीत) नोंद आहे, फुटलं तर भरून कोण देणार? भीती खरी आहे, तिला नावं ठेवू नका. आम्ही साहित्य पाठवणंच बंद केलं. महिन्यातल्या एका शनिवारी पाचवीची मुलं चालत आमच्याकडे येतात आणि नववीची मुलं त्यांना काचपट्टी तयार करून दाखवतात. कपाट उघडतं, नोंदवही जागेवर राहते. गेल्या वेळी एका छोट्यानं कांद्याऐवजी खिशातून जास्वंदाची पाकळी काढली, आणि पुढचा अर्धा तास सूक्ष्मदर्शकापुढची रांग हलली नाही.